उपाध्यक्षानं कुणाच्या मिठाला जागायचं?

१९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांनी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना एक टिपण पाठवलं. शपथ घेऊन जेमतेम चार आठवडे झाले होते. व्हिएतनाममध्ये प्लेकू इथल्या अमेरिकी तळावर हल्ला झाला होता, आणि उत्तर व्हिएतनामवर नियमित बॉम्बफेक सुरू करायची की नाही यावर व्हाइट हाउसमध्ये खल चालू होता. हम्फ्रींच्या टिपणाचा आशय असा: हे युद्ध आपण का लढतोय ते आपल्या लोकांना कळलेलं नाही, आणि लोकांना न कळलेलं युद्ध फार काळ रेटता येत नाही. नोव्हेंबरमध्ये लोकांनी रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांना नाकारून आपल्याला निवडलं ते आपण संयमानं वागू या भरवशावर. मागे फिरायचं तर राजकीय धोका सगळ्यात कमी आहे तो याच वर्षी. आणि युद्ध वाढवलं तर उद्या विरोधात उभे राहतील ते आपलेच लोक असतील.

पुढच्या तीन वर्षांत यातलं जवळजवळ सगळं खरं झालं. जॉन्सन मात्र संतापले. व्हिएतनामचे निर्णय जिथे होत त्या बैठकांना हम्फ्रींना बोलावणं जवळपास वर्षभर बंद झालं. आणि ज्यानं हे टिपण लिहिलं तोच माणूस १९६६ पासून देशभर फिरून त्याच युद्धाची तरफदारी करू लागला, तीही सगळ्यात मोठ्या आवाजात.

१९६८ च्या निवडणुकीत हम्फ्री रिचर्ड निक्सन यांच्याकडून हरले. शिकागोच्या रस्त्यांवरचा लाठीमार, दक्षिणेतली मतं ओढून नेणारे जॉर्ज वॉलेस, निक्सन यांचे डावपेच अशी या पराभवाची कारणं सांगितली जातात, आणि ती खरीच आहेत. पण मला वाटतं, हम्फ्री हरले ते १९६५ च्या वसंतातच, जे आत सांगितलं ते बाहेर सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं तेव्हा. याला मी निव्वळ एका माणसाचा कमकुवतपणा म्हणून सोडून देणार नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीतल्या माणसाकडून आपण जी निष्ठा मागतो, जिचं कौतुक करतो, तिच्यातच खोट आहे.

आधी हा माणूस कोण होता ते नीट सांगायला हवं, नाहीतर यातली हानी कळणार नाही. हम्फ्री साउथ डकोटातल्या एका छोट्या गावच्या औषधविक्रेत्याचा मुलगा. मंदीच्या काळात कॉलेज सोडून वडिलांच्या दुकानात उभा राहिलेला. पुढे एम.ए. करायला लुइझियानात गेला, तेव्हा गोऱ्यांचे नळ वेगळे आणि काळ्यांचे वेगळे, हे त्यानं रोजच्या जगण्यात पाहिलं. वयाच्या ३४ व्या वर्षी तो मिनियापोलिसचा महापौर झाला आणि नोकऱ्यांमधल्या भेदभावाविरुद्ध त्यानं शहरात कायदा करून घेतला. १४ जुलै १९४८ ला फिलाडेल्फियात डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं. नागरी हक्कांचा ठराव आणू नकोस, दक्षिणेतले प्रतिनिधी उठून जातील, पक्ष फुटेल, अध्यक्ष ट्रुमन निवडणुकीत पडतील, असं त्याला थोरामोठ्यांनी बजावलं होतं. तो उठला आणि दहा मिनिटंसुद्धा बोलला नाही. आपण घाई करतोय असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की आपल्याला १७२ वर्षं उशीर झालाय, हे वाक्य त्याच भाषणातलं. ठराव मंजूर झाला. मिसिसिपीचे सगळे आणि अलाबामाचे निम्मे प्रतिनिधी सभात्याग करून गेले. दोन आठवड्यांच्या आत ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला आणि नोव्हेंबरमध्ये तेच निवडून आले. पक्ष सांभाळायचा म्हणून खरं दाबून ठेवायचं नाही, हे हम्फ्री यांनी ३७ व्या वर्षी करून दाखवलं होतं. म्हणूनच त्यांचं पुढचं मौन मला जास्त टोचतं.

त्यांचं सगळ्यात मोठं काम १९६४ चं. नागरी हक्क विधेयक सिनेटमध्ये आलं ते दक्षिणेतल्या सदस्यांनी लांबलचक भाषणं करून अडवून धरलं. असले अडथळे आधीच्या अनेक विधेयकांना पुरून उरले होते. हम्फ्री पक्षाचे प्रतोद होते. त्यांनी सदस्यांच्या पाळ्या लावल्या, कारण गणसंख्या भरली नाही की विरोधकांचं फावत असे. रोज सकाळी छापील पत्रक काढून आदल्या दिवशीच्या आरोपांना उत्तरं दिली. रिपब्लिकनांचे नेते एव्हरेट डर्कसन यांची आठवडेच्या आठवडे मनधरणी केली, श्रेय त्यांना मिळेल याची तजवीज केली, आणि सहकाऱ्यांना ताकीद दिली की विरोधकांवर वैयक्तिक चिखलफेक करायची नाही. कामाचे साठ दिवस हे चाललं. १० जूनला चर्चा थांबवण्याच्या ठरावावर मतदान झालं. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना मेंदूत गाठ झाली होती, वाचा गेली होती. त्यांना चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आणलं. नाव पुकारलं गेलं, त्यांना बोलता येईना, तेव्हा त्यांनी हात कसाबसा उचलून डोळ्याला लावला. इंग्रजीत डोळा आणि होकार या शब्दांचा उच्चार एकच. मत नोंदलं गेलं. ७१ विरुद्ध २९. नागरी हक्कांच्या विधेयकावर सिनेटनं असा अडथळा मोडून काढण्याची ती पहिलीच वेळ.

या माणसाला दोन महिन्यांनी उपाध्यक्षपद हवं होतं. ते देणं न देणं जॉन्सन यांच्या हातात होतं, आणि त्यांनी त्याआधी एक काम सोपवलं. ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात मिसिसिपीहून काळ्या नागरिकांचा एक स्वतंत्र गट आला होता. राज्याच्या अधिकृत शिष्टमंडळात सगळे गोरे होते, कारण काळ्यांना तिथे मतदारयादीतच येऊ देत नसत. या गटात फॅनी लू हेमर होत्या, वाट्यानं कापूस पिकवणाऱ्या मजूर बाई. मतदारनोंदणीच्या चळवळीत पडल्या म्हणून त्यांना तुरुंगात मरेस्तोवर मारलं होतं, आणि ते त्यांनी समितीपुढे देशाच्या देखत सांगितलं होतं. दक्षिण नाराज होऊ नये म्हणून जॉन्सन यांना हे प्रकरण मिटवून हवं होतं, आणि मिटवायला बसवलं हम्फ्रींना. तोडगा निघाला तो दोन जागांचा, त्या कुणाला मिळतील तेही वरूनच ठरलेलं. हेमर यांनी हम्फ्रींना तोंडावर विचारलं, तुमचं पद चार लाख काळ्या माणसांच्या जिवापेक्षा मोठं आहे का? मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन, असंही त्या म्हणाल्या. १९४८ सालच्या हम्फ्रीला हा प्रश्न कुणी विचारू शकलं नसतं. पद हातात पडण्याआधीच त्याची किंमत मोजायला सुरुवात झाली होती.

आता निष्ठेविषयी. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणं हा मोठा गुण मानतात, आणि घरात, दुकानात, मैत्रीत तो आहेच. पण अमेरिकी उपाध्यक्ष मीठ खातो कुणाचं? मंत्र्याला अध्यक्ष नेमतो आणि काढूही शकतो. उपाध्यक्षाला तो काढू शकत नाही. अध्यक्षाखालच्या सगळ्या कारभारात लोकांच्या मतावर आलेला आणि चार वर्षांची मुदत घटनेनंच दिलेला असा हा एकटाच माणूस. म्हणजे जॉन्सन चिडले असते, बोलणं बंद केलं असतं, विमान नाकारलं असतं, पण हम्फ्रींचं पद ते घेऊ शकले नसते. हम्फ्रींना पद जाण्याची भीती नव्हती, पुढचं पद मिळणार नाही याची होती. अध्यक्षाच्या मर्जीशिवाय पक्षाची उमेदवारी मिळत नाही, या हिशेबानं उपाध्यक्ष तोंड मिटून घेतो, आणि त्या मिटलेल्या तोंडाला आपण निष्ठा म्हणतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. बाहेर ओरडून काय मिळतं? आत राहिलं तर निदान कानावर घालता येतं, थोडं वळवता येतं. मलाही हे पुष्कळदा पटतं. पण हम्फ्रींच्या बाबतीत आत राहून काय साधलं ते पाहा. टिपण पाठवलं, तर दार बंद झालं. दार उघडलं ते त्यांनी सूर बदलल्यावर. फेब्रुवारी १९६६ मध्ये सिनेटर फुलब्राइट यांच्या समितीनं व्हिएतनामवर सुनावणी सुरू केली, ती टीव्हीवरून देशानं पाहिली, लोक पहिल्यांदा उघड शंका घेऊ लागले. नेमक्या त्याच महिन्यात जॉन्सन यांनी हम्फ्रींना आशियाच्या दौऱ्यावर धाडलं आणि ते परतले ते युद्धाचे प्रचारक होऊन. आत राहण्याची अटच ही होती की आत काही वेगळं बोलायचं नाही. मग आतला आवाज उरला कुठे?

हम्फ्री उघड बोलले असते तर युद्ध थांबलं असतं, असा माझा दावा नाही. जॉन्सन हट्टी होते. पण १९६५ च्या सुरुवातीला व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे सुमारे २३ हजार सैनिक होते, आणि १९६८ मध्ये ते पाच लाखांच्या वर गेले. मॅन्सफील्ड, रसेल, फुलब्राइट या वजनदार सिनेटरांना खासगीत शंका होत्याच. युद्धासाठी अध्यक्षांना मोकळीक देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव झाला तेव्हा सिनेटमध्ये विरोधी मतं पडली ती फक्त दोन, मोर्स आणि ग्रुनिंग यांची. अशा वेळी देशाचा उपाध्यक्ष, तोही नागरी हक्कांचा कायदा पार नेलेला, माझं मत वेगळं आहे एवढंच जरी म्हणाला असता, तरी कितीतरी जणांच्या जिभा सुटल्या असत्या. राजीनामा द्यायचा तर त्यालाही आधार होता. १८३२ मध्ये जॉन कॅल्हून यांनी अध्यक्ष जॅक्सन यांच्याशी फाटल्यावर उपाध्यक्षपद सोडलं होतं. कॅल्हून यांची बाजू गुलामगिरी जपणारी होती, मला ती जराही मान्य नाही. पण पद सोडता येतं हे तरी त्यातून दिसतं.

या गोष्टीचा एक धागा आपल्या घरांपर्यंत येतो. हम्फ्री सिनेटर असताना अमेरिकेचं जादा धान्य भुकेल्या देशांना द्यावं याचा त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पीएल ४८० या कायद्याखाली ते धान्य भारतात आलं. साठच्या दशकात रेशनच्या रांगेत उभं राहून पिशवीत आणलेला तो तांबूस गहू, त्याच्या चिवट पोळ्या, हे महाराष्ट्रातल्या किती घरांत अजून आठवणीनं सांगतात. १९६५ आणि १९६६ असा लागोपाठ दोन वर्षं दुष्काळ पडला. त्या काळात जॉन्सन यांनी गहू सैल हातानं सोडला नाही, थोडा थोडा, जहाजांकडे स्वतः लक्ष ठेवून सोडला. शेतीचं धोरण बदला हा त्यांचा एक आग्रह होता, आणि भारतानं व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीवर टीका केली याचा रागही त्यात होता. हम्फ्रींनी ज्या धान्याला शांततेचं साधन मानलं, ते त्यांच्याच अध्यक्षाच्या हातात लगाम झालं. जानेवारी १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या अंत्ययात्रेला अमेरिकेतर्फे दिल्लीत आले होते ते हम्फ्रीच. एका युद्धाबद्दल गप्प बसण्याची किंमत कुठल्या कुठे मोजावी लागते, हे यातून मला दिसतं.

१९६८ मध्ये सगळं एकदम अंगावर आलं. ३१ मार्चला जॉन्सन यांनी पुन्हा उभं राहणार नाही असं जाहीर केलं. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची. हम्फ्रींनी एकही प्राथमिक निवडणूक लढवली नाही, त्यांची उमेदवारी पक्षाच्या यंत्रणेतून आली. शिकागोच्या अधिवेशनाआधी त्यांनी व्हिएतनामवर एक मधला मसुदा तयार करून घेतला होता, ज्यावर युद्धविरोधी गटातलेही काही जण राजी झाले असते. जॉन्सन यांनी नकार दिला आणि हम्फ्रींनी मसुदा मागे घेतला. उमेदवार ते, अधिवेशन त्यांचं, आणि शब्द दुसऱ्याचा. बाहेर पोलीस पोरांना झोडपत होते, आणि अश्रुधुराचा वास हिल्टन हॉटेलात वर हम्फ्रींच्या खोल्यांपर्यंत पोचला होता.

सप्टेंबरअखेर ते गॅलपच्या चाचणीत निक्सन यांच्यापेक्षा १५ टक्क्यांनी मागे होते. जिथे जातील तिथे पोरं आरडाओरडा करून सभा उधळत. मग ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीतून त्यांनी पैसे मोजून अर्ध्या तासाचं भाषण टीव्हीवर केलं. समोरच्या मेजावरची उपाध्यक्षपदाची मुद्रा काढून ठेवली होती. मी बॉम्बफेक थांबवीन, शांततेसाठी तो धोका पत्करण्याजोगा आहे, असं ते म्हणाले. म्हटलं तर एवढंच, आणि त्यालाही सैल अटी जोडलेल्या. तरी आरडाओरडा ओसरला, देणग्या येऊ लागल्या, आणि मनापासून बोलत असाल तर आम्ही तुमच्याबरोबर आहोत अशा अर्थाचे फलक सभांना दिसू लागले. पाच आठवड्यांत त्यांनी जवळपास सगळं अंतर कापलं. ५ नोव्हेंबरला निक्सन यांना ४३.४ टक्के मतं पडली, हम्फ्रींना ४२.७. फरक पाच लाखांच्या आसपास. ती मुद्रा एक महिना आधी काढली असती तर, हा प्रश्न मी एकट्यानंच विचारलेला नाही. पण मला त्यापेक्षा मोठा प्रश्न पडतो तो तीन वर्षांचा. १९६८ या एका वर्षात व्हिएतनाममध्ये सोळा हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले, आणि व्हिएतनामी माणसं त्याच्या कितीतरी पट.

शेवटच्या आठवड्यात आणखी एक मौन झालं, आणि ते मी याच तागडीत टाकू शकत नाही. जॉन्सन यांनी ३१ ऑक्टोबरला बॉम्बफेक थांबवल्याचं जाहीर केलं. दोन दिवसांनी दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थ्यू यांनी पॅरिसच्या वाटाघाटींना यायला नकार दिला. थांबा, निक्सन आले की जास्त पदरात पडेल, असा निरोप निक्सन यांच्या प्रचारातल्या ॲना शेनॉल्ट यांच्यामार्फत त्यांना पोचवला जात होता. हे जॉन्सन यांना चोरून ऐकलेल्या संभाषणांतून कळलं होतं आणि हम्फ्रींच्याही कानावर गेलं होतं. निक्सन स्वतः यात आहेत याचा पुरावा तेव्हा हातात नव्हता. निक्सन यांचे सहायक हॉल्डमन यांच्या ज्या टाचणांमधून निक्सन यांचा हात दिसतो, ती उजेडात आली २०१७ च्या सुरुवातीला. पुराव्याशिवाय एवढा आरोप करायचा नाही, असं हम्फ्रींनी ठरवलं. मतदारांना हे कळायला हवं होतं असं मला आजही वाटतं, पण या मौनात स्वार्थ नव्हता, उलट नुकसानच होतं. आणि मरणाच्या दारात असताना, जानेवारी १९७८ मध्ये, याच निक्सन यांना आपल्या अंत्यविधीला येण्याचं आमंत्रण त्यांनी फोनवर दिलं. राजीनाम्यानंतर निक्सन वॉशिंग्टनला पहिल्यांदा आले ते त्यासाठी. इतक्या मोठ्या मनाचा माणूस होता तो.

हम्फ्रींच्या हाताखाली तयार झालेले वॉल्टर माँडेल १९७७ मध्ये उपाध्यक्ष झाले. गुरूची झालेली परवड त्यांनी जवळून पाहिली होती. त्यांनी आधीच अध्यक्ष होणाऱ्या कार्टर यांना लेखी सांगून व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये खोली, सगळे कागद पाहण्याची मुभा आणि दर आठवड्याला दोघांचं जेवण हे ठरवून घेतलं. पुढच्या उपाध्यक्षांना तीच चौकट मिळाली. सुधारणा चांगलीच होती. पण तिनं उपाध्यक्षाला आत खुर्ची दिली, बाहेर तोंड दिलं नाही. १९८४ मध्ये माँडेल उभे राहिले तेव्हा कार्टर यांच्या चार वर्षांचं ओझं त्यांच्याच पाठीवर होतं, आणि ५० पैकी ४९ राज्यं गेली.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कमला हॅरिस यांना टीव्हीवर विचारलं गेलं, गेल्या चार वर्षांत बायडन यांच्यापेक्षा तुम्ही वेगळं काय केलं असतं? असं काही मनात येत नाही, असं त्या म्हणाल्या. प्रचाराला मिळाले जेमतेम साडेतीन महिने, आणि हरण्याची कारणं इतरही होती. तरी तो प्रश्न वार्ताहराचा नव्हता, मतदारांचा होता. चार वर्षं त्या काय पाहत होत्या, त्यांना कुठे पटलं नव्हतं, हे जाणून घेण्याचा लोकांना हक्क होता. पदावर असलेला उपाध्यक्ष थेट अध्यक्ष म्हणून निवडून आला असं १८३६ नंतर एकदाच घडलं आहे, १९८८ मध्ये थोरल्या बुश यांच्या बाबतीत. तरी पक्ष हीच निष्ठा मागत राहतात, आणि उमेदवार ती देत राहतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की युद्धासारख्या प्रश्नावर उपाध्यक्षाचं मत वेगळं असेल, तर ते लोकांना कळायला हवं, आणि तेही तो पदावर असताना. अध्यक्षाशी रोज भांडावं असं नाही. पगारवाढीवर, नेमणुकांवर, शंभर लहान गोष्टींवर गप्प राहावं, त्यानं सरकार चालतं. पण दुसऱ्यांच्या मुलांना मरायला धाडायचं की नाही यावर लोकांनी निवडून दिलेला माणूस आत एक आणि बाहेर दुसरं बोलतो, तेव्हा तो ज्यांच्या मिठावर जगतो त्यांच्यापासूनच काहीतरी लपवत असतो.

हम्फ्रींनी १९६५ मधलं ते टिपण अखेर स्वतःच्या आत्मचरित्रात छापलं. ते पुस्तक १९७६ मध्ये आलं. सायगाव पडून तोवर वर्ष उलटलं होतं.